दर सोमवारचं निरंक

माझी सगळी नोकरी एकच प्रश्न विचारण्यात गेली: “किती?” जुलाब किती, कावीळ किती, गोवर किती, कुत्रं चावलेले किती. सोमवारी सकाळी कचेरीत पोचलं की पर्स खणात टाकायची, फोन पुढ्यात ओढायचा आणि एकामागून एक डॉक्टरांना विचारत सुटायचं. घरी पाहुणे आले की आमचे हे ओळख करून द्यायचे, “आमची मंडळी साथरोगात असतात.” पाहुणे आधी हात जोडायचे आणि मग हळूच जाऊन ते धुऊन यायचे. चहाला मात्र कुणी कधी नाही म्हटलं नाही.

मी मूळची भंडाऱ्याकडची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा माझ्या तोंडून ‘का’च्या जागी ‘काहून’ निघालं की शेजारणी हसायच्या. मग मी परीक्षा दिली आणि सरकारी आरोग्य खात्यात सांख्यिकी सहायक झाले. पद ऐकायला भारदस्त आहे, काम मोजण्याचं. आमचा साथरोग कक्ष म्हणजे लांबलचक व्हरांड्याच्या टोकाची एक खोली होती. चार टेबलं, दोन कपाटं, एक फोन आणि पावसाळ्यात भिंतीवर चढणारी ओल. माझ्या टेबलावर एक जाडजूड वही असायची आणि ती दुसऱ्या कुणी उघडलेली मला खपायची नाही.

बऱ्याच लोकांना वाटतं की साथ आली म्हणजे सरकारला आपोआप कळतं. कसलं आपोआप! अहो, आजारी माणूस आमच्याकडे येतच नाही. तो त्याच्या डॉक्टरकडे जातो, तिथून औषधाच्या दुकानात जातो आणि घरी जाऊन पांघरूण घेऊन पडतो. म्हणून दर आठवड्याला दवाखान्यादवाखान्याला विचारायचं, आकडा वहीत लिहायचा आणि मागच्या आठवड्याच्या शेजारी ठेवून बघायचा. दोनाचे तीन झाले तर काही नाही. दोनाचे नऊ झाले की खुर्चीत सरळ बसायचं, पिशवी उचलायची आणि त्या गल्लीत जायचं. एवढ्या मोठ्या देशाचं रोगांवर लक्ष आहे ते अशा वह्यांमधून आहे. ऐकून कुणाची झोप उडाली असेल तर माझा नाइलाज आहे.

आमच्या साहेबांनी मला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली. साहेब म्हणजे कक्षाचे वैद्यकीय अधिकारी, बोलायला सौम्य, पण चष्म्यावरून बघायला लागले की घाम फुटायचा. ते म्हणाले, “गजभिये बाई, डॉक्टर म्हणाले एकही पेशंट नाही, तर रकान्यात ‘निरंक’ लिहायचं. डॉक्टरांशी बोलणंच झालं नाही, तर जागा रिकामी ठेवायची. निरंक म्हणजे आपण विचारलं आणि ‘नाही’ असं उत्तर मिळालं. रिकामी जागा म्हणजे आपल्याला माहीत नाही. या दोन्हींत गल्लत केलीत तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल.” मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. अक्षर माझं फार चांगलं आहे. पुढे मी नेमकी तीच गल्लत केली, आणि तेच सांगायला बसले आहे.

पण आधी लेले डॉक्टर.

लेले डॉक्टरांचा दवाखाना कोथरूडमध्ये होता. दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: “फोनवर औषध विचारू नये. विचारल्यास आजार वाढेल.” दर सोमवारी आमचं संभाषण ठरलेलं असायचं.

“डॉक्टर, साथरोगातून गजभिये. या आठवड्यात किती?”

“किती काय?”

“जुलाब, कावीळ, ताप…”

“अहो बाई, माझ्या पेशंटांना फक्त सर्दी होते आणि संशय येतो. निरंक लिहा.”

“बघून सांगता का जरा?”

“मी रोज बघतो. आपण आठवड्यातून एकदा विचारता. ठेवा आता.”

फोन आदळायचे. मी मनातल्या मनात दोन शब्द भंडाऱ्याच्या बोलीतले घालायचे आणि लिहायचे, निरंक. अशी कितीतरी वर्षं गेली. दुसरं काही ते बोललेलं मला आठवत नाही.

दुसरं महत्त्वाचं माणूस म्हणजे लोणी काळभोरचे आबा. त्यांची ओळख बासुंदीमुळे झाली. लोणी आमच्या हद्दीत नव्हतं, पण एकदा तिथे लग्नात जेवून निम्मं गाव आडवं झालं आणि तिकडच्या पथकाला माणसं कमी पडली म्हणून मला पाठवलं. मी वही घेऊन बसले. मुलीकडचे म्हणाले, मुलाकडच्यांनी आणलेले पेढे बाधले. मुलाकडचे म्हणाले, भाजी कच्ची होती. बासुंदीला मात्र वाली नव्हता. हाताला सलाइन लावलेला एकेक गडी मला सांगत होता, “नाय बा, म्या फकस्त वरण-भात खाल्ला.” कढईभर बासुंदी हवेतच उडून गेली असावी.

आता आमच्या कामातली एक खुबी सांगते. आजारी पडलेल्याला विचारायचंच, पण जो आजारी पडला नाही त्याला जास्त विचारायचं. आजारी माणूस लाजतो, चिडतो, दुसऱ्याकडे बोट दाखवतो. धडधाकट माणूस निवांत असतो. तर बाजेवर एक धोतरवाले म्हातारे अगदी निवांत बसले होते.

“आबा, तुम्हाला काही त्रास?”

“मला काय बी नाय. मला साखर हाय, गोड चालत नाय. पर कुनी किती वाट्या वढल्या ते समदं बघितलंय. लिवा.”

आणि त्यांनी धडाधड नावं घेतली, वाट्यांसकट. माझी दिवसभराची चौकशी अर्ध्या तासात संपली. दूध कालचं होतं, दुसरं काही नाही.

मग कळलं की हे आबा दर रविवारी कावीळ ‘उतरवतात’. पुण्याहूनसुद्धा माणसं जायची, शिकलेली, चष्मेवाली. मी त्यांना झापायच्या तयारीनेच एका रविवारी गेले. आबा पेशंटच्या हातावर कसलीशी साल चोळायचे, वरून चुन्याचं पाणी ओतायचे आणि पाणी पिवळंजर्द व्हायचं. “ही बघा निघाली कावीळ.” मी माझे हात पुढे केले. माझंही पाणी पिवळंजर्द!

“म्हणजे मलाही कावीळ आहे?”

आबा शांतपणे म्हणाले, “थोडी थोडी समद्यांलाच असती, बाई.”

मला हसू आवरेना, मग झापणार काय कपाळ! पण त्यांच्या मांडीवरची वही बघितली आणि हसू थांबलं. नाव, गाव, कितवा रविवार. तीन रविवार यावं लागायचं म्हणून त्यांनी सगळं टिपून ठेवलं होतं. आमच्या अर्ध्या दवाखान्यांत एवढी नीट नोंद नव्हती. मी तिथेच करार केला. चुना ओता, माळ घाला, पण पोटात किंवा नाकात औषध द्यायचं नाही, सगळ्यांना डॉक्टरकडेही पाठवायचं. आणि गरोदर बाई आली तर हातसुद्धा न लावता मोठ्या दवाखान्यात धाडायची आणि मला कळवायचं. कारण घाण पाण्यातून येणारी एक कावीळ असते, ती बाकीच्यांना महिनाभर झोपवून सोडून देते, पण दिवस भरत आलेल्या बाईच्या जिवावर उठते. आबांनी कचेरीचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला. साहेबांना सांगितलं तेव्हा ते चष्म्यावरून बराच वेळ बघत राहिले. पण नको म्हणाले नाहीत.

मग आमच्याकडे संगणक आला.

काय थाट त्याचा! त्याच्यासाठी खोलीत पडदे लागले, एसी लागला. आम्ही इतकी वर्षं घामाने निथळत होतो तेव्हा कुणाचा जीव कळवळला नव्हता. चपला बाहेर काढून आत जायचं. एका सहकाऱ्याने तर पहिल्या दिवशी हळदकुंकूही वाहिलं. मी म्हटलं, बापा, तेवढं कळफलकावर सांडू नका. आता दर सोमवारी आकडे संगणकात भरून वर पाठवायचे, आणि कागदावर विश्वास असणाऱ्या खात्याला साजेसं म्हणून वहीही तशीच चालू ठेवायची.

यात दोन गोमी होत्या. एक, आमच्याकडे फोनची लाइन एकच. तीच इंटरनेटला लावलेली. सोमवारी सकाळपासून संगणक कर्रकर्र, कुंई करून वर जोडला जायचा आणि दर दहा मिनिटांनी तुटायचा. तो जोडलेला असेपर्यंत ना कुणाला फोन करता यायचा, ना कुणाचा लागायचा. दुसरी गोम अशी, की संगणकाला रिकामी जागा चालायची नाही. एक रकाना रिकामा राहिला की लाल अक्षरं यायची आणि अख्खं पान अडायचं.

शिकवायला खराडीच्या एका कंपनीतले गृहस्थ आले होते, गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली. ते म्हणाले, “मॅडम, सिंपल आहे. जिथे डेटा नाही तिथे झीरो टाका ना. सबमिट होऊन जाईल.”

पहिल्या पानावर काय लिहिलंय ते मला तेव्हा आठवायला हवं होतं. मी म्हटलं, “वा!”

आणि मग मी डोकं चालवलं. अकरा डॉक्टर असे होते की ते वर्षानुवर्षं ‘निरंक’च सांगत आले होते. फोन मिळत नाही, तर निदान यांचा वेळ तरी वाचवावा! मी त्यांची यादी केली, वर शीर्षक दिलं ‘कायम निरंक’, आणि शुक्रवारीच त्यांची शून्यं भरून मोकळी व्हायला लागले. यादीत पहिलं नाव लेले डॉक्टरांचं. खरं सांगते, त्यांचा फोन करावा लागत नाही याचा मला मनापासून आनंद झाला होता. वहीतही मी त्यांच्या ओळीत सुंदर अक्षरात निरंक लिहीत गेले.

सगळे अहवाल वेळेवर, एकही रकाना रिकामा नाही, म्हणून आमच्या कक्षाला वरून कौतुकाचं पत्र आलं. साहेबांनी पेढे वाटले. पत्राला चौकट करून ते माझ्या टेबलामागे टांगलं. मी गेले तिथे सांगत सुटले.

पत्राला महिनाही झाला नसेल. दिवाळी होऊन थंडी पडली होती. एका बुधवारी दुपारी फोन वाजला.

“बाई, लोणीहून आबा बोलतोय. तुमी रागवाल, पर सांगतो. कोथरूडची लोकं लई वाढल्यात. मोटारी घिऊन येत्यात. तीन रविवार झाले.”

“किती, आबा?”

“वहीत सतरा हायेत. आनि बाई, परवाच्या रविवारी येक पोटुशी पोर व्हती. आठवा सरत आलाय म्हनली तिची सासू. म्या हात लावला नाय, दवाखान्यात जा म्हनलं. सासू लई चिडली माझ्यावर. आली का ती पोर तुमच्याकडं?”

कुणीच आलं नव्हतं. तीन दिवस होऊन गेले होते. आबांच्या वहीत होतं ते एवढंच: मधुरा, कोथरूड, पाण्याच्या उंच टाकीमागची सोसायटी. मी माझी वही उघडली. कोथरूड, कावीळ. निरंक. निरंक. निरंक. पाच आठवडे मागे गेले. सगळीकडे माझंच वळणदार अक्षर.

लेले डॉक्टरांना फोन लावला.

“डॉक्टर, साथरोगातून गजभिये.”

“अरे वा. आहात आपण! मला वाटलं खातं बंद झालं.”

“डॉक्टर, कावीळ किती?”

“कुठल्या आठवड्याची सांगू? पाच आठवड्यांची यादी करून ठेवली आहे. आपण विचारायचं बंद केलंत म्हणून काविळीने यायचं बंद केलं नाही.”

“मग कळवलं का नाही तुम्ही?” माझा आवाज चढला. चूक माझी आणि आवाजही माझाच.

“सोमवारी फोन लावला की एंगेज. एकदा लागला तर पलीकडून कुणीतरी किंचाळलं. म्हणून दोन कार्डं टाकली. वाचायची पद्धत असेल तर वाचा.”

मी आवक टेबलाकडे धावले. कार्डं होती. दोन्हींवर रीतसर शिक्का आणि आवक क्रमांक होता, आणि ‘विहित नमुन्यात नाही’ म्हणून ती बाजूला काढून ठेवलेली होती. पहिल्यावर लिहिलं होतं: “आपला फोन संगणकाशी गप्पा मारण्यात गुंतलेला असल्याने पत्र लिहीत आहे. कावीळ चार. ही सर्दी नव्हे.” दुसऱ्यावर फक्त एक ओळ होती: “कावीळ नऊ. आपण विचारलंत तर बरं होईल.” ते दुसरं कार्ड हातात धरून मी तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं मी या माणसाला खडूस म्हणत आले होते, आणि तो दर सोमवारी माझ्या फोनची वाट बघत होता.

साहेबांना सगळं सांगितलं, अकरा नावांच्या यादीसकट. ते चष्म्यावरून बघतील म्हणून मी मान खाली घातली होती. ते एवढंच म्हणाले, “आधी ती मुलगी शोधा. बाकीचं नंतर.”

टाकीमागची सोसायटी सापडायला वेळ लागला नाही. तिचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून भांडायला येतील. निघताना मी फोन केला होता, म्हणून फाटकाशी लेले डॉक्टर छत्री टेकून उभे होते. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. सोसायटीचे अध्यक्ष खाली आले.

“आमच्याकडे कावीळबिवीळ काही नाही. सगळे सुशिक्षित आहेत. घरोघरी फिल्टर आहेत.”

“अध्यक्षमहाराज,” लेले म्हणाले, “आपले स्वतःचे डोळे परवा मीच तपासले. ते फिल्टर लावून तपासले नव्हते.”

अध्यक्षांनी गॉगल चढवला. प्रकरण असं होतं की पाण्याचा बोभाटा झाला तर फ्लॅटचे भाव पडतील म्हणून सगळ्यांनी तोंडं मिटली होती. जो तो बाहेरच्या पाणीपुरीवर ढकलत होता. मला आबांची बाज आठवली. आजारी लाजतात, धडधाकटांना विचारा. इथे धडधाकट कोण?

फाटकालगतच्या खोलीत वॉचमनची बायको भांडी घासत होती. माझं आडनाव तिने ऐकलं असावं. हात पुसत उभी राहिली. “जयभीम, ताई.”

“जयभीम. कुठल्या तुम्ही?”

“वाशीमच्या. शोभा नाव माह्यं.”

“शोभा, तुमच्याकडे कोणाला कावीळ झाली काय?” माझी भाषा आपोआप घरी गेली.

“नाई ताई. तिन्ही लेकरं चांगले हायेत.”

“पाणी कुठलं पिता?”

“रस्त्यावरच्या नळाचं. आमाले टाकीच्या नळाले हात नाई लावू देत न. मीटिंगीत ठराव झाला हाय.”

अध्यक्ष गॉगलमधून आभाळाकडे बघायला लागले. मी बोलले असते तर थांबले नसते. पिशवीतून क्लोरीन तपासायची बाटली काढली. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी शुद्ध करणारं क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळं होतं. आमच्या कामात तेवढं एकच पिवळं चांगलं. शोभाच्या कळशीतलं पाणी पिवळं झालं. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतलं पाणी कितीही थेंब टाकले तरी तसंच पांढरं. टाकीला लागून एक ताजा बुजवलेला चर होता. दिवाळीच्या आधी इंटरनेटची केबल टाकायला खणला होता. त्या खणण्यात मैलापाण्याचा पाइप फुटला होता आणि टाकीच्या भिंतीला तडा होता.

“शोभा, इथे मधुरा म्हणून…”

“तिसऱ्या माळ्यावरची म्याडम? खराडीले जाते ते? तीन दिवस झाले, खाली आली नाई.”

तिसऱ्या मजल्याचं दार साखळीएवढं उघडलं. सासूबाई होत्या. “तिला ॲसिडिटी आहे. आमचं आम्ही बघतोय. त्या लोणीच्या माणसाने आधीच काय काय अभद्र बोलून ठेवलंय.”

“ताई, मला फक्त बघू द्या.”

“ती झोपली आहे. किती दिवसांनी शांत झोपलीय.”

कावीळ मेंदूपर्यंत पोचली की अशीच गुंगी येते; ते ऐकलं आणि माझा ताबा सुटला. “अहो, ती झोप नाई हो! उघडा ते दार, माय!” माझा आवाज खालपर्यंत गेला म्हणे. लेले डॉक्टर माझ्या मागून पुढे आले आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. “मी लेले. या बाईंचं ऐका. हात जोडतो.”

साखळी निघाली.

मधुरा सोफ्यावर पडली होती. हळदीसारखे डोळे. मी तिला नाव विचारलं. बऱ्याच वेळाने तिने सांगितलं. आज वार कोणता, विचारलं. ती हसली, “सोमवार,” म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले. बुधवार होता. दवाखान्याच्या गाडीची वाट बघायला वेळ नव्हता. अध्यक्षांनी न विचारता स्वतःची मोटार काढली, ही त्यांची जमेची बाजू लिहायलाच हवी.

नऊ दिवस ती रुग्णालयात बेशुद्ध होती. मी रोज कचेरीआधी एक चक्कर मारायचे. दहाव्या दिवशी तिने डोळे उघडून मला विचारलं, “तुम्ही कोण?” वाचली. मधुरा वाचली. बाळ मात्र चौथ्याच दिवशी गेलं होतं. मुलगी होती. जन्मली ती रडलीच नाही.

सासूबाई बाकावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “आधी कळलं असतं तर?” त्यांनी स्वतःलाच विचारलं होतं, पण ऐकलं मी.

साहेबांनी मला समोर बसवून समजावलं. ही कावीळ अंगात शिरल्यावर दिसायला महिना-सव्वा महिना लागतो. मधुराच्या पोटात ते पाणी बहुतेक आधीच गेलं असेल, लेल्यांचा पहिला पेशंट येण्याच्याही आधी. तुम्ही पहिल्या सोमवारी विचारलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. मी म्हटलं, हो साहेब. शास्त्र मलाही कळतं. पण विचारलं असतं तर तिच्या दारात आम्ही निदान तीन आठवडे आधी पोचलो असतो, आणि मग काय झालं असतं ते मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. हे न कळणं अजून माझ्या मानेवर बसलं आहे.

बाकी सगळं नीट झालं. पाइप बदलला, टाकी धुतली, घरोघरी पाणी उकळायला लावलं, बाकीच्या दोन गरोदर बायका शोधून वेळेत तपासल्या. त्या सुखरूप बाळंत झाल्या. सोसायटीने खास मीटिंग घेऊन ठराव केला की वॉचमनच्या कुटुंबाला टाकीचं पाणी घ्यायला परवानगी आहे. शोभा म्हणाली, “नको बाप्पा, आमाले नळाचंच बरं.”

कचेरीत फोनची दुसरी लाइन आली. ‘कायम निरंक’ची यादी मी फाडली आणि चौकटीतलं कौतुकाचं पत्र खाली उतरवून कपाटामागे ठेवलं. आबांचं नाव वहीत चढलं, ‘लोणी, इतर’ या ओळीत. आणि लेले डॉक्टर? पुढच्या सोमवारी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला.

“गजभिये बाई, विचारा.”

“किती, डॉक्टर?”

“निरंक. यावेळी बघून सांगतोय.”

दवाखाना बंद करेपर्यंत त्यांचा एकही सोमवार चुकला नाही. सणवार आला की खवचटपणा थोडा जास्त असायचा, एवढंच.

राहिला त्या आठवड्याचा अहवाल. कावीळ किती, ते लिहिलं. शेजारी रकाना होता, मृत्यू किती. नियमाप्रमाणे जन्मतःच मेलेलं बाळ काविळीच्या मृत्यूंत धरत नाहीत. ते कुठल्या दुसऱ्या खात्याच्या दुसऱ्या तक्त्यात जातं. मी नियम दोनदा वाचला. संगणकाने शून्य मागितलं, मी शून्य दिलं, नाहीतर पान पुढे जाईना. मग वही उघडली. पेन टेकवलं. पुन्हा उचललं, रकाना रिकामा ठेवला आणि वही मिटली. संध्याकाळी साहेबांनी ती सहीसाठी उघडली, त्या ओळीवर थांबले, चष्मा काढून पुसला आणि खाली सही केली.

निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या जागी आलेल्या बाईंना चार्ज दिला. हुशार, चटपटीत बाई. जुन्या वह्या मोजून घेताना त्या पानं चाळत होत्या. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

“मॅडम, कमाल आहे. एवढ्या वर्षांत मृत्यूचा हा एकच रकाना राहिलाय. निरंक लिहून टाकू का?”

“नको,” मी म्हटलं. “तिथे एक मुलगी आहे.”